सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६, मुंबई – २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. भारतीय उपखंडातील कोणता पक्षी कोठे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या अधिवासात आढळतो, याची पद्धतशीर नोंद करण्याचे काम त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ केले. पक्ष्यांविषयीच्या लोकप्रिय पुस्तकांमुळे ते घरोघरी परिचित झाले. मात्र त्यांच्या शास्त्रीय कार्याचा पाया संस्थानी मुलखांत केलेल्या पक्षी सर्वेक्षणांत आहे. यांतील पहिले सर्वेक्षण १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाले. त्या वेळी त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि हातची नोकरीही गेलेली होती.

बालपण आणि पिवळ्या कंठाची चिमणी

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील खेतवाडी भागात एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा यांचे निधन झाले. पुढे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सर्व मुलांचा सांभाळ केला. हे मामा शिकारीचे शौकीन होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) सदस्यही होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत त्या काळी भारतीय सदस्य मोजकेच असत.

लहान सलीमला खेळण्यातील छऱ्याची बंदूक मिळाली होती आणि तिचे पहिले लक्ष्य अर्थातच चिमण्या होत्या. या वयातील एक टिपण त्यांनी जपून ठेवले होते. घरट्याजवळ बसलेला नर चिमणा मारल्यावर मादीने दुसरा नर जमवला. तोही मारल्यावर तिसरा आला. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर मारले गेले. शिकारीच्या भरात केलेली ही नोंद वर्तनशास्त्राच्या दृष्टीने किती मोलाची होती, हे त्या मुलाला तेव्हा कळण्याचे कारण नव्हते. ती प्रसिद्ध व्हायला सुमारे साठ वर्षे लागली.

वयाच्या सुमारे दहाव्या वर्षी मारलेल्या एका चिमणीच्या कंठावर हळद लागावी तसा पिवळा ठिपका होता. ही नेहमीची घरचिमणी नव्हती. मामांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बीएनएचएसचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठ चिमणी, म्हणजे रानचिमणी, असल्याचे सांगितले. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण उघडून भरून ठेवलेले पक्ष्यांचे नमुने त्या मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे सोलून नमुना कसा तयार करावा हे शिकवण्याची व्यवस्था केली. येथेच सलीम अली यांना नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीचा परिचय झाला. पक्षी कोणी, कोठे आणि कोणत्या तारखेला मिळवला, हे तिच्यावर लिहिलेले असते. ती नसेल तर अत्यंत दुर्मीळ पक्ष्याचा नमुनाही वितरणाच्या अभ्यासकाला फारसा उपयोगी पडत नाही.

शालेय शिक्षणात मात्र त्यांची विशेष चमक नव्हती. तेराव्या वर्षाच्या सुमारास सततच्या डोकेदुखीमुळे शिक्षणात खंड पडला आणि हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये पाठवण्यात आले. १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले.

ब्रह्मदेश आणि परतीचा काळ

सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर पहिल्या वर्षातच ते कंटाळले. १९१४ मध्ये कुटुंबाच्या वुल्फ्राम खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात मदत करण्यासाठी ते ब्रह्मदेशातील तावॉय येथे गेले. तेथील रानांनी त्यांना धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच अधिक ओढले. वनखात्यातील जे. सी. हॉपवुड आणि बर्थोल्ड रिबेनट्रॉप हे निसर्गाची जाण असलेले अधिकारी तेथे भेटले. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. नंतर त्यांनी दावर वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचे शिक्षण घेतले. याच सुमारास सेंट झेवियर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. सकाळी एका महाविद्यालयात हिशेब आणि नंतर दुसऱ्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र अशी दुहेरी कसरत त्यांनी केली. १९१८ मध्ये त्यांचा तहमीना यांच्याशी विवाह झाला. तहमीना यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. सलीम अली यांच्या इंग्रजी लेखनाला जो साधा, नेमका घाट आला, त्यात तहमीना यांचा वाटा होता. नोकरीची शाश्वती नसलेल्या वर्षांत पतीच्या या वेडाला त्यांनी खंबीर पाठिंबा दिला, हेही महत्त्वाचे आहे.

भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण या सरकारी संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाचे एक पद त्या काळात उपलब्ध होते. सलीम अली यांनी अर्ज केला, पण उच्च पदवी नसल्याने ते पद त्यांना मिळाले नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा ३५० रुपये होते. शाळकरी मुलांना पक्षी समजावून सांगण्याचे हे काम त्यांना आवडत असे. मात्र दोनच वर्षांत आपल्या ज्ञानाची मर्यादा त्यांना जाणवू लागली.

बर्लिन

१९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली काम करू लागले. ब्रह्मदेशात जे. के. स्टॅनफर्ड यांनी जमवलेल्या नमुन्यांचा अभ्यास हे त्यांच्याकडील काम होते. एका भारतीयाने आणि तेही जर्मन शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली हे काम करावे, ही गोष्ट काही ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांना रुचली नव्हती. बर्लिनमध्ये त्यांना बर्नहार्ड रेन्श, ऑस्कर हाइनरोथ आणि त्या वेळी अगदी तरुण असलेले एर्न्स्ट मायर यांचा सहवास लाभला. हेलिगोलँड बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून स्थलांतराचा मागोवा घेण्याचे तंत्र आत्मसात केले. चंपकरामन पिल्लै यांच्यासारख्या प्रवासी भारतीय क्रांतिकारकांशीही त्यांच्या भेटी झाल्या.

श्ट्रेझेमान यांच्या प्रयोगशाळेत पक्षिशास्त्राचे स्वरूप बदलत होते. नमुना पाहून नाव देणे हे काम तेथे पुरेसे मानले जात नव्हते. एकच जात वेगवेगळ्या प्रदेशांत किंचित वेगळी का दिसते, दोन जवळच्या जातींच्या सीमा कोठे मिळतात, डोंगर किंवा नदी आड आल्यावर काय घडते, असे प्रश्न तेथे विचारले जात. या प्रश्नांची उत्तरे संग्रहालयातील कपाटात अर्धीच मिळतात. उरलेली अर्धी पक्षी जेथे राहतो तेथे जाऊन शोधावी लागतात. सलीम अली भारतात परतले ते ही दृष्टी घेऊन.

किहीम

१९३० मध्ये मुंबईला आल्यावर निधीअभावी त्यांचे पद रद्द झाल्याचे समजले. दुसरी नोकरी दृष्टिपथात नव्हती. मुंबईत राहण्याचा खर्च परवडेना, तेव्हा ते आणि तहमीना समुद्रकाठच्या किहीम (आता रायगड जिल्हा) या गावी राहण्यास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. झाडाला शिडी लावून आणि मचाण बांधून सलीम अली पावसाळाभर या वसाहतीचे निरीक्षण करीत राहिले. नर सुगरण अर्धवट घरटे विणतो. मादी येऊन ते पारखते आणि पसंत पडले तरच त्यात राहते. मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. एकामागून एक अशा क्रमाने होणारे हे बहुपत्नीत्व त्यांनी प्रथमच तपशीलवार मांडले. बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाने त्यांचे नाव परदेशातील अभ्यासकांपर्यंत पोहोचले. नोकरी टिकली असती तर हा निबंध बहुधा लिहिला गेला नसता.

हैदराबाद संस्थानातील सर्वेक्षण

त्या काळी भारतातील पक्ष्यांविषयी माहितीचा दुष्काळ नव्हता. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यासारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९ व्या शतकात हजारो नमुने जमवले होते. पण ही माहिती अधिकाऱ्यांच्या बदल्यांबरोबर हिंडत असे. ज्या जिल्ह्यात एखादा पक्षीप्रेमी कलेक्टर किंवा वनाधिकारी येई, तेथील पक्षी नकाशावर उमटत आणि शेजारचा जिल्हा कोराच राही. खानदेशचेच उदाहरण घेता येईल. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८२ मध्येच प्रसिद्ध केली होती. याउलट खानदेशाला लागून असलेल्या निजामाच्या मुलखाबद्दल फारच थोडी माहिती उपलब्ध होती. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुका, ज्यात अजिंठ्याची लेणी येतात, या सीमेवरच आहे. गाव अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आणि पुढची शिवारे ब्रिटिश खानदेशची, अशी तेव्हाची स्थिती होती. पक्ष्यांना या सीमेशी काही देणेघेणे नव्हते, पण पक्ष्यांविषयीचे ज्ञान मात्र तिच्यावर येऊन थांबत असे.

आर्थर व्हर्ने यांच्या देणगीतून पूर्व घाटाचे पक्षी सर्वेक्षण नुकतेच पार पडले होते. त्याच धर्तीवर सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण करावे, अशी योजना सलीम अली यांनी मांडली. प्रवास आणि छावणी यांचा खर्च संस्थानाने करावा, आपल्या कामासाठी मात्र वेतन नको, अशी त्यांची अट होती. बेकार माणसाने घातलेली ही अट आज विलक्षण वाटते. पण खर्च कमी असल्याशिवाय संस्थान तयार होणार नाही हा व्यवहार त्यांनी ओळखला होता, आणि त्यांना हवे होते ते काम. निजाम सरकारने योजना मान्य केली.

सर्वेक्षणाची पद्धत कष्टाची होती. प्रदेशाचे पाऊस, उंची आणि जंगलाचा प्रकार यांनुसार भाग पाडून प्रत्येक भागात काही दिवस छावणी टाकली जाई. पहाटे नमुने गोळा करायचे आणि दुपारी उष्णतेने ते खराब होण्यापूर्वी कातडी सोलून, आर्सेनिकयुक्त साबण लावून भरायची. पक्षी उघडून नर की मादी हे तपासायचे. जननग्रंथींच्या वाढीवरून विणीचा काळ ठरवायचा. पोटात काय सापडले ते लिहायचे. मग चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि उंची नोंदवायची. रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभराची टिपणे पूर्ण करायची. प्रवास बहुधा बैलगाडीने होई. तहमीनाही छावणीत बरोबर असत.

जमवलेले नमुने इंग्लंडमध्ये ह्यू व्हिसलर यांच्याकडे पाठवले जात. पंजाबात पोलीस अधिकारी राहिलेले व्हिसलर हे भारतीय पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. या दोघांची ओळख मात्र खटक्याने झाली होती. पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीच्या लांब पिसांच्या रचनेबाबत व्हिसलर यांची चूक सलीम अली यांनी दाखवून दिली. अपरिचित भारतीयाने केलेली ही दुरुस्ती व्हिसलर यांना प्रथम आवडली नाही. नंतर त्यांनी नमुने पुन्हा तपासले, आपली चूक मान्य केली, आणि पुढे ते सलीम अली यांचे निकटचे स्नेही झाले. हैदराबाद सर्वेक्षणाचा अहवाल व्हिसलर यांच्या टिपणांसह १९३३-३४ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. वर्गीकरणाचा भाग व्हिसलर यांचा आणि अधिवास, खाद्य, वीण, आवाज यांविषयीचा भाग सलीम अली यांचा, अशी त्याची विभागणी होती. वाचनीय आहे तो हा दुसरा भाग.

नमुन्यांसाठी पक्षी मारण्याबद्दल सलीम अली यांच्यावर पुढे टीका झाली. संवर्धनासाठी झटणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक पाहून अनेकांना विसंगती वाटली. स्वतः अली यांची भूमिका स्पष्ट होती. ज्या जातींची ओळखच पक्की नाही त्यांचे संरक्षण करता येत नाही, आणि अधिवास नष्ट झाल्याने जेवढे पक्षी जातात त्यांच्या तुलनेत अभ्यासासाठी घेतलेले अगदी थोडे, असे ते मानत. त्यांनी केवळ हौसेखातर होणाऱ्या शिकारीचे समर्थन केले नाही. आज छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि रक्ताचे नमुने यांमुळे हा वाद बराच मागे पडला आहे. त्या काळात मात्र दुसरा मार्ग नव्हता.

हैदराबादनंतर त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर आणि भोपाळ, म्हैसूर, कच्छ, गुजरात अशी सर्वेक्षणांची मालिकाच सुरू झाली. संस्थानिकांकडून खर्च मिळवायचा, वेतन घ्यायचे नाही, ही रीत कायम राहिली. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमीना यांचे निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. नंतर ते बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी मुंबईत राहत.

सातपुड्याचा प्रश्न

दक्षिणेतील सर्वेक्षणांतून एक जुने कोडे ठळकपणे समोर आले. केरळातील दमट डोंगरांत आढळणारे अनेक पक्षी पूर्व हिमालय आणि आसाममधील पक्ष्यांचे जवळचे नातलग आहेत. मधल्या हजार-दीड हजार किलोमीटरच्या कोरड्या पठारावर मात्र त्यांचा मागमूस नाही. असे का व्हावे? मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी माशांच्या वितरणावरून सातपुडा गृहीतक मांडले होते. कधी काळी हवामान अधिक दमट असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगेने ईशान्येकडील प्राणी पश्चिम घाटात पोहोचले असावेत, असा त्याचा आशय होता. सलीम अली यांनी १९४९ मध्ये पक्ष्यांच्या पुराव्यांच्या आधारे सातपुड्याच्या या मार्गाची चर्चा केली.

पुढील संशोधनात या गृहीतकाला अनेक आव्हाने मिळाली. जनुकीय अभ्यासामुळे काही नाती वरवरची ठरली. तरीही प्रश्न मांडण्याची रीत महत्त्वाची होती. एखादा पक्षी अमुक ठिकाणी आहे, या नोंदीइतकीच तो मधल्या प्रदेशात नाही, ही नोंद मोलाची असते. मात्र तो खरोखर नाही की कोणी पाहिलाच नाही, हे ठरवायचे तर तेथे पायपीट करून शोधणारा माणूस जावा लागतो.

दृष्टीआड झालेले पक्षी

काही पक्षी एकदोनदा मिळून नंतर दिसेनासे झाले होते. त्यांचे सलीम अली यांना आयुष्यभर आकर्षण राहिले. फिनची सुगरण हा पक्षी त्यांना १९३० च्या दशकात कुमाऊंच्या तराईत पुन्हा सापडला. हिमालयीन लावा मात्र त्यांना मिळाला नाही. १८७६ नंतर त्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. आंध्र प्रदेशातील जर्डनचा धाविक १९०० पासून बेपत्ता होता. जानेवारी १९८६ मध्ये बीएनएचएसचे भरत भूषण यांना कडप्पा जिल्ह्यात एका स्थानिक पक्षी पकडणाऱ्याच्या मदतीने तो पुन्हा सापडला, तेव्हा सलीम अली ८९ वर्षांचे होते. हा पक्षी निशाचर असल्याने दिवसा हिंडणाऱ्या अभ्यासकांना तो इतकी वर्षे चकवा देत राहिला.

या सर्वांत रानपिंगळ्याची हकीकत निराळी आहे आणि ती महाराष्ट्राची आहे. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये मिळालेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी या लहान घुबडाचे वर्णन केले. पुढे डेव्हिडसन यांना पश्चिम खानदेशातील शहादा-तळोदा परिसरात काही नमुने मिळाले. १८८४ नंतर तो नाहीसा झाला. अपवाद होता तो एका नमुन्याचा. सुरत जिल्ह्यातील तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ मध्ये तो मिळवल्याचे ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहातील चिठ्ठी सांगत होती.

माइनर्त्झहागेन हे त्या काळचे बडे पक्षिशास्त्रज्ञ. सलीम अली यांनी १९३७ मध्ये त्यांच्यासह अफगाणिस्तानचा दौरा केला होता. माइनर्त्झहागेन यांची साम्राज्यवादी मते आणि अली यांचा भारतीय राष्ट्रवाद यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. तरीही पक्ष्यांच्या जाणकारीबद्दल दोघांना एकमेकांविषयी आदर होता. १९७० च्या दशकात सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो त्यांना मिळाला नाही. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून शोधकर्त्यांच्या नजरा साहजिकच मांडवीकडे वळत राहिल्या. पक्षी बहुधा नामशेष झाला, असा समज त्यामुळे बळावला.

सलीम अली यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी या अपयशाचे कारण उलगडले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहाची छाननी केली. मांडवीचा तो नमुना वास्तविक डेव्हिडसन यांनी जमवलेला होता. लंडनच्या संग्रहालयातून तो चोरण्यात आला होता, पुन्हा भरून त्याचे रूप बदलले होते आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. क्ष-किरण तपासणीत जुन्या जोडकामाच्या खुणा आढळल्या. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा सर्व पुरावा प्रसिद्ध केला. त्याआधीच, मांडवीची नोंद बाजूला ठेवून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धुंडाळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर झाडावर बसलेला होता. ११३ वर्षे तो जेथे होता तेथेच होता. नंतरच्या शोधांत तोरणमाळ, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य आणि मेळघाट येथेही त्याची नोंद झाली. २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. पक्षी एवढा निकट असताना शोधकर्ते चुकीच्या जागी फिरले, याचा दोष त्यांच्या चिकाटीला देता येत नाही. त्यांनी एका चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता, आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवल्याशिवाय हे शास्त्र चालत नाही.

ग्रंथलेखन

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या सचित्र पुस्तकाने सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याचे साधन दिले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. रिप्ले यांच्यासह लिहिलेला ‘हँडबुक ऑफ द बर्ड्‌स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान’ हा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. उपखंडातील १,२०० हून अधिक जातींची यात माहिती आहे. प्रत्येक जातीचे वर्णन, स्थिती, वितरण, अधिवास, खाद्य, आवाज आणि वीण असा क्रम पाळलेला आहे. हैदराबादच्या छावणीत ठरलेली नोंदीची शिस्तच येथे विस्ताराने दिसते. पहिला खंड निघाला तेव्हा सलीम अली ७१ वर्षांचे होते. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातील चिमणी अर्थातच पिवळ्या कंठाची आहे.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएसची सूत्रे प्रामुख्याने सलीम अली यांच्याकडे आली. संस्था आर्थिक अडचणीत असताना त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडे मदत मागितली आणि ती मिळाली. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प त्यांनी चालवला. स्थलांतरित पक्ष्यांमार्फत रोगप्रसार होतो का, हा त्यामागील एक प्रश्न होता. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाल्याने वाद निर्माण झाला आणि संसदेच्या लोकलेखा समितीने त्याची चौकशी केली. भरतपूरचे केवलादेव पाणथळ क्षेत्र आणि केरळची सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान मात्र मोराला मिळाला.

मोटारसायकल हा त्यांचा आणखी एक छंद होता. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल युरोपात नेली आणि तिच्यावरूनच ते परिषदेला पोहोचले.

पदवीअभावी सरकारी पद नाकारल्या गेलेल्या सलीम अली यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या. पद्मभूषण (१९५८), ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनचे सुवर्णपदक (१९६७) आणि पद्मविभूषण (१९७६) हे त्यांना मिळालेल्या सन्मानांपैकी काही होत. जे. पॉल गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गसंवर्धन निधी उभारला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. दीर्घ आजारानंतर २० जून १९८७ रोजी मुंबई येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मृती

१९९० मध्ये कोइम्बतूर येथे सलीम अली पक्षिशास्त्र आणि निसर्ग केंद्र स्थापन झाले. गोव्यातील चोडण बेटावरील अभयारण्याला त्यांचे नाव आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात दिल्ली दरवाज्याजवळील जुना खिजरी तलाव आता सलीम अली सरोवर या नावाने ओळखला जातो. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात.

काही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांतही त्यांचे नाव आहे. यांतील सलीम अली यांचे फलाहारी वटवाघूळ उल्लेखनीय आहे. १९४८ मध्ये दक्षिणेतील डोंगरांत मिळालेला त्याचा नमुना दुसऱ्याच, सामान्य जातीचा समजून बीएनएचएसच्या संग्रहात ठेवला गेला. कित्येक वर्षांनी थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी तो खणातून बाहेर काढून पाहिला आणि १९७२ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद केली.